तिसरा पंप फालतू नसतो

*काकू, सा. न. वि. वि.*

*मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी. कॉम. काम चोख करते, पण इंग्रजीत मेल लिहायची म्हटलं की पोटात गोळा येतो. गेल्या महिन्यात जास्तीच्या मालाची यादी पाठवायची होती. मेन्टेनन्सच्या रजिस्टरात कूलिंग टॉवरच्या तिसऱ्या पंपापुढे 'रिडंडंट' लिहिलेलं होतं. मोबाइलवर अर्थ पाहिला, 'अनावश्यक, अतिरिक्त', आणि पंप स्क्रॅपच्या यादीत टाकला. मीटिंगमध्ये सगळे हसले. मग कुणाला तरी आठवलं की निवृत्त झालेल्या साहेबांच्या कार्डावर मी 'थँक यू फॉर युवर सुपरफ्लुअस हेल्प' असं लिहिलं होतं. पुन्हा हसले. मॅनेजर म्हणाले, 'जड शब्द वापरू नकोस, सगळीकडे एक्स्ट्रा लिहीत जा.' तसं करू का? 'अतिरिक्त' टाकलं की मोबाइल सहा-सहा शब्द दाखवतो. त्यांच्यात फरक काय, हे कुणीच सांगत नाही.*

*ता. क. परवा एचआरची मेल आली आहे. आमच्या खात्यातल्या दोन पोस्ट 'सरप्लस' आहेत म्हणे. त्यातली एक माझी असावी.*

*– स्टोअरवाली, भोसरी*

अगं स्टोअरवाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला बोलू. 'सुपरफ्लुअस हेल्प'ला तर चहा नाकात गेला. दुसऱ्यांदा ता. क. नीट वाचला आणि हसू मावळलं. खरं दुखणं ता. क. मध्ये ढकलायचं ही आपली जुनी खोड. त्याच्याकडे येते, पण पंपावरून येते. वाट तिथूनच जाते.

आधी हे ऐक, की चूक तुझ्या इंग्रजीची कमी आणि आपल्या 'अतिरिक्त'ची जास्त आहे. पुणे महापालिकेत अतिरिक्त आयुक्त असतात. त्यांना गाडी असते, केबिन असते, केबिनबाहेर शिपाई असतो. शाळेत पट घसरला की तिथेही अतिरिक्त शिक्षक ठरतात, आणि समायोजन कुठल्या गावाला होणार या काळजीने त्यांची झोप उडते. शब्द तोच. एकाला दिला तर मान, दुसऱ्याला दिला तर टांगती तलवार. आपण मराठीत आगापिछा बघून बरोबर ओळखतो, म्हणून आपलं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र ते आयुक्त 'ॲडिशनल' आणि ते शिक्षक 'सरप्लस'. ती भाषा जास्तीच्या वस्तूला आधी विचारते, तू कुणाच्या हिशोबाने जास्त? आणि मग, आता तुझं करायचं काय? उत्तर बदललं की शब्द बदलला. तुझ्या मोबाइलने हे दोन्ही प्रश्न गाळले आणि सहा शब्द एका पिशवीत कोंबून तुझ्या हातात दिले. मंडईत कोथिंबीर, मेथी आणि गाजरगवत एकाच जुडीत बांधून दिलं तर कसं होईल, तसं ते झालं.

आता पंप. तुमच्याकडे दोन पंप चालतात आणि तिसरा उभा असतो, असंच ना? इंजिनिअर लोक त्याला 'एन प्लस वन' म्हणतात. लागतात तितके, वर एक. त्यांच्या भाषेत 'रिडंडंट' म्हणजे तेच काम करणारा दुसरा, मुद्दाम ठेवलेला. पैसे मोजून, जागा देऊन, दर काही दिवसांनी फिरवून बघून ठेवलेला. तो रोज निरुपयोगी असतो आणि एक दिवस साऱ्या प्लांटची अब्रू त्याच्या हातात असते. तुझ्या डोक्यात मात्र बातम्यांमधला 'रिडंडंट' होता. ब्रिटनमध्ये माणसाची जागाच रद्द झाली की त्याला 'मेड रिडंडंट' म्हणतात. १९६५ साली तिथे रिडंडन्सी पेमेंट्स ॲक्ट नावाचा कायदाच झाला. म्हणजे एकाच शब्दाने एका टेबलावर पंपाची किंमत वाढते आणि शेजारच्या टेबलावर माणसाची नोकरी जाते. तू या टेबलावरचा अर्थ उचलून त्या टेबलावर ठेवलास, एवढंच. तुला हसणाऱ्यांपैकी किती जणांना हा फरक सांगता आला असता, याची मला दाट शंका आहे.

शब्दाचं मूळ मात्र लोभस आहे. लॅटिनमध्ये 'उंडा' म्हणजे लाट. लाटेसारखं काठावरून परत उसळून येतं ते रिडंडंट. 'अबंडंट'ही त्याच लाटेचा, आणि 'सराउंड'सुद्धा. त्याचा जुना अर्थ पाण्याने बुडवणं, चहूकडून वेढणं हा मागाहून आला. 'सुपरफ्लुअस'मध्ये वाहणं आहे, वरून वाहून जाणं. सगळा धरणाचा कारभार! पुण्याच्या माणसाला हे शिकवायला नको. आपल्या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं, पण शेवटच्या खडकवासल्यात जेमतेम दोन. वरून पानशेत-वरसगाव भरत आले की खडकवासल्याचे दरवाजे उचलतात, मुठेत विसर्ग सुरू होतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. आता ते सोडलेलं पाणी कोण? धरणाच्या दृष्टीने सरप्लस, नदीपात्रात गाडी लावून गेलेल्याच्या दृष्टीने एक्सेस, आणि तेच पाणी खाली उजनीत पोचलं की सोलापूरकरांच्या दृष्टीने देवाची कृपा. पाणी तेच असतं. कोण कुठे उभं राहून बघतंय यावर त्याचं नाव ठरतं.

तिसऱ्या पंपासारखी एक वस्तू आपल्या पंचांगातही आहे. अधिक महिना. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता तो असाच. लोकांनी त्याला नावंही ठेवली, मलमास काय, धोंड्याचा महिना काय. लग्नमुंजी नाहीत. कथेत तर त्या महिन्याला कुणी वाली नव्हता, म्हणून विष्णूने आपलं पुरुषोत्तम हे नाव दिलं. जावयाची मात्र चैन, तेहतीस अनारसे ताटात. पण हा 'फालतू' महिना काढून टाकला तर काही वर्षांत दिवाळी भर पावसात येईल आणि कंदील छत्रीखाली लावावे लागतील. अधिक महिना म्हणजे पंचांगाचा पंप नंबर तीन. मीटिंगमध्ये पुन्हा कुणी हसलं तर हे सांग.

भाषाही असा उभा पंप ठेवते बरं का. क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये हिशोब मांडला की साध्या इंग्रजी लिखाणात साधारण ५० टक्के रिडंडन्सी असते. म्हणजे जवळपास निम्मी अक्षरं आपली आपण ठरतात, लिहिणाऱ्याला तिथे निवडीला जागाच नसते. वाया गेली का मग ती? भोसरीच्या नाक्यावर फोन तुटत असताना तुला 'उद्या स...ळी न... वाजता ये' एवढंच ऐकू आलं तरी तू वेळेवर पोचतेस. तुला पोचवतात ती हीच निम्मी अक्षरं.

'सुपरफ्लुअस' मात्र असं नाही. त्याला दयामाया नाही. काढून टाकलं तर कुणाचं काही बिघडत नाही, उलट बरंच वाटतं, ते सुपरफ्लुअस. 'पिवळा पीतांबर'मधला 'पिवळा'. भाषणात 'जास्त वेळ घेत नाही' या वाक्यानंतरची वीस मिनिटं. सोसायटीच्या जिन्यात एक 'विनाकारण बेल वाजवू नये' पुरत असताना खाली 'अन्यथा बेल वाजवू नये' लिहिणं. त्यामुळे साहेबांना तू जे कळवलंस त्याचा अर्थ, तुमच्या मदतीची काही गरज नव्हती, तरी तुम्ही केलीत, आभारी आहे! तुझ्या मनात 'भरभरून' होतं. 'भरभरून'ला इंग्रजीत 'जेनरस' म्हण. देणाऱ्याचा हात मोठा असतो तिथे इंग्रजी वस्तूला जास्त म्हणतच नाही, हाताचं कौतुक करते.

हे मीही नाक कापून घेऊनच शिकले. मुलगा लेस्टरला नोकरीला होता तेव्हा मी तिथे चार महिने होते. होळीला पुरणपोळ्या केल्या. सवयीने हात सैल सुटला, चाळीस झाल्या. शेजारी एक गोरी बाई एकटी राहायची. तिला मी दारात जाऊन हसतमुखाने सांगितलं, आमच्याकडे पोळ्या 'एक्सेस' झाल्यात, तू ये. ती बिचारी गोंधळली. हळूच म्हणाली, 'ओह, डोन्ट यू वॉन्ट देम?' तुम्हाला नको आहेत का त्या? माझ्या मनात 'अगं, पोळ्या जरा जास्तच झाल्यात, ये ना' हे आपलं वाक्य होतं. ते मराठीत आमंत्रण असतं. 'तुझ्यासाठी मुद्दाम केलं' म्हटलं तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं, म्हणून आपण जास्त झाल्याचं निमित्त करतो. पुष्कळदा तर झालेलं नसतंच, घरातल्यांचं काढून दिलेलं असतं. ही सभ्यता 'एक्सेस'मध्ये मावत नाही. 'वी हॅव प्लेंटी' म्हणायला हवं होतं. 'प्लेंटी'मध्ये भरलेलं घर आहे, 'एक्सेस'मध्ये डोक्याला झालेला ताप. ती आली मात्र. तीन पोळ्या खाल्ल्या, वर दूध मागून घेतलं.

'एक्सेस'चं तुला वेगळं काय सांगू, तुझ्या रोजच्या तोंडातला शब्द आहे. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, हजार नगांची, गाडीतून एक हजार पन्नास उतरले, पन्नास 'एक्सेस'. नऊशे ऐंशी उतरले तर वीस 'शॉर्ट'. बघ, इथे आधी एक रेघ आहे, पीओची. ती ओलांडली म्हणून एक्सेस. मूळ अर्थच हद्दीबाहेर जाणं असा आहे. विमानाच्या काउंटरवर रेघ पंधरा किलोची असते आणि तुझी पापडाची पिशवी तिच्या पलीकडे. जिथे ठरलेली मर्यादा दाखवता येते तिथे एक्सेस बिनधास्त लिही. आणि कंत्राटात 'इन एक्सेस ऑफ टेन थाउजंड' दिसलं तर घाबरू नकोस, तिथे तो नुसता 'दहा हजारांच्या वर' एवढाच असतो, त्यात कुणावर ठपका नाही. फक्त स्पेलिंग जपून लिही. आपल्या तोंडी ॲक्सेस आणि एक्सेस एकच होतात, आणि 'स्टोअरला एक्सेस हवा' असं सांगणाऱ्याला खरंच जास्तीचा माल मिळायचा.

आता माझा लाडका शब्द, स्पेअर. याचं मूळ काटकसरीत आहे. जपून वापरणं, राखणं, हात न लावणं. 'स्पेअरिंगली' म्हणजे अजूनही बेताबेताने. मग जे राखलं तेच हाताशी उरलं, आणि उरलेल्यालाच स्पेअर म्हणू लागले. आजीच्या फडताळातल्या साखरेच्या डब्यामागचा दुसरा डबा. मराठीत त्याला 'राखीव' म्हण. आपण गाडीच्या राखीव चाकाला मात्र स्पेअर म्हणत नाही, स्टेपनी म्हणतो. पंक्चरवाला, रिक्षावाला, तुझे मॅनेजर, सगळेच. हे नाव कुठून आलं माहीत आहे? वेल्समध्ये लनेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला जोडायचं जादा चाक काढलं, कारण तेव्हा मोटारीबरोबर जास्तीचं चाक येतच नसे. म्हणजे ज्या चाकाशिवाय आज आपण कात्रजचा घाट चढत नाही, ते एके काळी कुणाला सुचलंही नव्हतं. आज इंग्लंडात हा शब्द फारसा कुणाला कळायचा नाही. आपण मात्र तो घट्ट धरून ठेवलाय, स्टेपनीसारखाच. आणि माणसाला उद्देशून हा शब्द आपण किती वाईट वापरतो तेही तुला ठाऊक आहे, ते राहू दे.

मॅनेजरांचा 'एक्स्ट्रा'. त्यांचं अर्धं बरोबर आहे. कळत नसेल तेव्हा एक्स्ट्रा लिहिलं तर कुणी मरत नाही, कारण तो शब्द निकाल देत नाही. नेहमीच्या हिशोबाबाहेरचं, एवढंच म्हणतो. क्रिकेटच्या धावफलकात बघ. वाइड, नो-बॉल, बाय, लेगबाय, या धावा कुठल्याच फलंदाजाच्या नावावर नाहीत, पण संघाच्या बेरजेत आहेत. कधी कधी सामनाही त्याच जिंकून देतात. मराठी वर्तमानपत्रांनी त्यांना 'अवांतर' हे काय सुरेख नाव दिलंय! ज्याने कुणी पहिल्यांदा योजलं त्याला माझा नमस्कार. 'अवांतर वाचन'मधलाही हाच अवांतर. अभ्यासक्रमात नाही, पण माणूस घडतो त्यानेच.

मग अर्धं चूक काय? स्टोअरच्या यादीत 'एक्स्ट्रा' लिहिलंस की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एक्स्ट्रा चाळीस बेअरिंगं, बरं मग? ठेवायची, विकायची, परत पाठवायची? तुझी यादी निर्णय घ्यायला आहे आणि 'एक्स्ट्रा' निर्णय टाळतो. कदाचित म्हणूनच मॅनेजर लोकांना तो आवडतो.

तुझ्या कामाला न लागणारे, पण पेपरात भेटणारे दोन-चार पटकन सांगते. मार्केट यार्डात टोमॅटोची आवक वाढून भाव कोसळले, शेतकऱ्याने कॅरेट रस्त्यावर ओतले, की 'ग्लट'. मूळ गिळण्यात, म्हणजे बाजाराच्या घशाशी आलं. आपल्याच घशाशी आलं की 'सर्फिट', आपलं अजीर्ण. इंग्लंडचा पहिला हेन्री ११३५ मध्ये वारला तो लॅम्प्री नावाचे मासे वाजवीपेक्षा जास्त खाऊन, असं तिथली बखर सांगते, आणि तेव्हापासून 'सर्फिट' म्हटलं की इंग्रजांना हे मासे आठवतात. रात्री स्टेशनवरून रिक्षावाला जे भाडं मागतो ते 'एक्झॉर्बिटंट', आणि हा शब्द तर आपलाच सख्खा. 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली वाट. आपली चाकोरी! चाकोरी सोडून गेलेला भाव तो एक्झॉर्बिटंट. आणि कुणी न मागता दिलेला सल्ला 'ग्रॅच्युइटस'. तू मागितला होतास, म्हणून मी सुटले.

एका गोष्टीला मात्र इंग्रजी शब्द मला आजवर सापडलेला नाही. आहेराच्या पाकिटातला वरचा रुपया. पाचशे एक, एक हजार एक. तो रुपया गरजेचा नाही, म्हणून सरप्लस म्हणावा, तर तो काढून पाचशेच दे बघू! वन्सं वर्षभर ऐकवतील. दुकानात हल्ली पाकिटावर नाणं चिकटवूनच मिळतं, इतकं ते न चुकवण्याजोगं. त्याच्यापुढे सगळे सहा शब्द थकतात.

चल, आता तुझ्या ता. क. कडे.

'सरप्लस' हा या कुटुंबातला सगळ्यात थंड शब्द. लागणारं सगळं भागलं, वर इतकं उरलं. राग नाही, लोभ नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक जमेचं निघालं की मराठी पेपर 'शिलकी' लिहितात, ते इंग्रजीत सरप्लस बजेट. पैशाच्या बाबतीत तो आनंदाचा शब्द आहे. बेअरिंगांच्या बाबतीत कामाचा. माणसाच्या बाबतीत तो लागतो, कारण माणूस स्वतःला शिल्लक समजत नाही. तुला लागला असणार. पण लागला म्हणून त्याचा अर्थ तुझ्या पंपासारखा परस्पर लावून घेऊ नकोस. सरप्लस म्हणजे नालायक नव्हे, सुपरफ्लुअस नव्हे, आणि आपोआप 'काढून टाकलं' असाही नव्हे. तो नेहमी अर्धवट शब्द असतो. सरप्लस कशाला? कुणाच्या गरजेला?

म्हणून एचआरला एकच प्रश्न मेलने विचार, तोंडी नको. 'इज द पोस्ट सरप्लस टू धिस डिपार्टमेंट, ऑर टू द कंपनी?' खात्यात जास्त असेल तर दुसऱ्या खात्यात जागा बघता येते, अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनासारखी. डिस्पॅच आहे, परचेस आहे. कंपनीतच जास्त असेल तर गोष्ट निराळी, आणि तिथे कायद्याचा शब्द 'रिट्रेंचमेंट' येतो. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांचं प्रकरण होतं. तेव्हा न्यायालयाने रिट्रेंचमेंटचा अर्थ, चालू धंद्यात सरप्लस ठरलेल्या कामगारांना कमी करणं, असा लावला होता. पुढे त्या अर्थाची व्याप्ती वाढली, पण 'सरप्लस' आपल्या कामगार कायद्यात किती जुना पाहुणा आहे ते बघ. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला असं कमी करायचं तर कारणासह निदान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. एकाच प्रकारच्या कामात सर्वसाधारणपणे शेवटी लागलेल्याला आधी कमी करतात. ग्रॅच्युइटी बसत असेल तर ती वेगळी. तू कायद्याच्या लेखी कामगार आहेस का, हे तुझ्या हुद्द्याच्या नावावरून नाही तर तू दिवसभर प्रत्यक्ष काय करतेस त्यावरून ठरतं. म्हणून नेमणूकपत्र आणि रोजच्या कामाची यादी घेऊन एखाद्या कामगार वकिलाकडे एकदा जाऊन ये. कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी जा. राजीनामा लिहून दे असं गोडीगुलाबीने सांगितलं तर तिथे तरी 'अधिकउणे झालं असेल तर माफ करा' करत बसू नकोस.

जाताना बिन कार्डं (कप्प्यागणिक मालाची नोंद), जीआरएन (माल आल्याची नोंद), सगळं तू चोख ठेवतेस हे दाखवणारं काहीतरी बरोबर ने. तू सुट्टीवर असताना स्टोअरचं काय होतं, ते आठवून लिहून काढ. परवा फिजिकल स्टॉक कुणी मोजला, ऑडिटच्या वेळी फोन कुणाला आला. हे मी धीर द्यायला सांगत नाहीये. एखादी पोस्ट रिडंडंट आहे असं म्हणणाऱ्याला त्या शब्दाचा इंजिनिअरिंगमधला अर्थ दाखवायचा तर असाच दाखवावा लागतो.

यादीची मेल परत पाठव. लांबण नको. 'पंप नंबर थ्री इज अ स्टँडबाय युनिट, नॉट फॉर डिस्पोजल. फॉर्टी बेअरिंग्ज आर सरप्लस टू अवर रिक्वायरमेंट. फिफ्टी बोल्ट्स रिसीव्हड इन एक्सेस ऑफ पीओ, टू बी रिटर्नड.' आकडे तुझे घाल. 'रिडंडंट' मुद्दाम टाळलाय, कारण तुमच्याकडे तो वाचणारे दोन जातीचे लोक आहेत. मेन्टेनन्सला सांग, रजिस्टरातही 'स्टँडबाय' लिहा म्हणून. तेवढं केलंस तर पुढची स्टोअरवाली या फजितीतून वाचेल.

साहेबांना मात्र फोन कर. कार्ड त्यांनी जपून ठेवलं असणार, आणि इतक्या वर्षांत त्यांना कुणी दिलेली सगळ्यात प्रामाणिक दाद तीच वाटत असणार.

एचआरचं उत्तर आलं की कळव. आणि तो पंप यादीतून खरंच काढलास ना? का फक्त हसले सगळे, आणि यादी पुढे गेली?

– काकू